कोकण किनाऱ्यावर छोटी प्रकाशनसंस्था उभारताना

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ झाला. पण ते छापले गेले मुंबईत. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा एकही कवितासंग्रह निघालेला नव्हता. लिहिणारे हात कोकणात तेव्हाही होते आणि आजही आहेत. परंतु लिहिलेल्याचे पुस्तक व्हावे, यासाठी आजही बहुतेकांना हस्तलिखिताची पिशवी घेऊन मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी काही वर्षे छोटी प्रकाशनसंस्था चालवताना जे शिकायला मिळाले, ते या कामात नव्याने उतरू पाहणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अशा संस्थेने दोन गोष्टी कधीही सोडू नयेत: लेखकाची बोली कान देऊन ऐकणे आणि लेखकाला वेळच्या वेळी हिशेब देणे. बाकीची कामे अनुभवाने जमतात.

पहिली पायरी: काय छापणार ते ठरवा

‘चांगले साहित्य छापू’ हे धोरण होत नाही. तुमच्या जिल्ह्यातले, तुमच्या कानाला ओळखीचे असलेले आणि दुसरा कोणी सहसा छापणार नाही असे लेखन कोणते, याची एका पानात नोंद करा. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, आगरी, कोळी, दालदी, कातकरी अशा कितीतरी बोली या पट्ट्यात बोलल्या जातात आणि त्यांतील बऱ्याच बोलींत छापलेली पुस्तके फार थोडी आहेत. पहिल्या वर्षी दोनच पुस्तके काढावीत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. एक कथांचे किंवा कादंबरीचे असावे. दुसरे गावच्या व्यवहाराशी जोडलेले, म्हणजे मासेमारी, भातशेती, देवस्थानाच्या प्रथा, दशावतार अशा विषयावरचे ललित किंवा माहितीपर असावे. दुसरे पुस्तक सावकाश, पण सातत्याने विकले जाते आणि त्याच्या आधारावर पहिले उभे राहते. कवितासंग्रह अवश्य काढावेत. मात्र पहिल्याच वर्षी चार कवितासंग्रह काढून भांडवल अडकवू नये.

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढायचे की नाही, हेही आधीच ठरवा. आम्ही घेत नाही. लेखकाने खर्च दिला की पुस्तक विकण्याची निकड प्रकाशकाला उरत नाही आणि प्रती लेखकाच्याच माळ्यावर जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. एखाद्याला स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढायचे असेल, तर त्यात काही गैर नाही. पण मग त्याला तसे स्पष्ट सांगावे आणि प्रकाशनसंस्थेच्या निवडीचा शिक्का त्यावर मारू नये.

दुसरी पायरी: नोंदणी

हा भाग थोडक्यात उरकतो. एकट्याने सुरुवात करणाऱ्याला एकल मालकी पुरते. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद किंवा सूचना, लघुउद्योगांसाठी विनाशुल्क होणारी ‘उद्यम’ नोंदणी आणि संस्थेच्या नावाचे चालू खाते एवढे हाती आले की काम सुरू करता येते. दोघे-तिघे मिळून करणार असाल, तर भागीदारीचा लेखी करार पहिल्या दिवशीच करा; मैत्री टिकायची असेल, तर तो नक्कीच करा. छापील पुस्तकांवर जीएसटीचा दर शून्य आहे. त्यामुळे कागदावर व छपाईवर तुम्ही भरलेला कर तुम्हाला परत मिळत नाही आणि तो खर्चातच धरावा लागतो. नवे प्रकाशक हे विसरतात आणि किंमत चुकवतात.

तिसरी पायरी: लेखक शोधणे

लेखक आपणहून येतील, अशी वाट पाहू नका. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या तालुका शाखांचे मेळावे, ग्रंथालयांच्या व्याख्यानमाला, स्थानिक दैनिकांच्या रविवार पुरवण्या, शाळांची हस्तलिखिते आणि जिल्ह्यात निघणारे दिवाळी अंक नियमाने पाहा. याच्याही पलीकडे लिहिणारी माणसे असतात: निवृत्त कंडक्टर, आरोग्यसेविका, रापणीवर आयुष्य काढलेले मच्छीमार गाबीत समाजातील वडीलधारे, भजनी मंडळाची वही सांभाळणाऱ्या आजी. त्यांना ‘काही लिहिता का?’ असे विचारले, तर उत्तर नकारार्थीच येते. ‘तुमच्याकडे जुनी वही आहे का?’ असे विचारले की कपाट उघडते.

हस्तलिखित हाती आल्यावर पोच लगेच द्या आणि निर्णयाला किती दिवस लागतील ते सांगा. आमच्याकडे तीन महिन्यांची मुदत आहे. नकार देताना कारण लिहावे, एक परिच्छेद पुरे. गावात तोच माणूस तुम्हाला उद्या बाजारात भेटणार आहे आणि त्याचे पुढचे लेखन कदाचित तुम्हाला हवे असणार आहे.

ओव्या, फुगडीची गाणी, देवाला घालायची गाऱ्हाणी, दशावतारातील संवाद असे मौखिक वाङ्मय छापताना ज्यांनी ते सांगितले, त्या प्रत्येकीचे व प्रत्येकाचे नाव आणि गाव त्यांच्या संमतीने पुस्तकात द्यावे आणि मानधनही द्यावे. कायद्याने लेखकहक्क सिद्ध होतो की नाही, या प्रश्नापाशी आपण थांबू नये. ज्या बाईने साठ वर्षे ओव्या जिवंत ठेवल्या, तिचे नाव ऋणनिर्देशाच्या तळाशी ‘आणि इतर’ या शब्दांत जाऊ नये.

चौथी पायरी: करार

लेखक ओळखीचा असला, नात्यातला असला, तरी करार लेखीच करावा. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व सही केलेले असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. आणि मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो हक्क संपतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे लेखकहक्क टिकतो. त्यामुळे वारसांची नावे व पत्ते आजच नोंदवून ठेवणे पुढे फार उपयोगी पडते.

आमचा करार दोन पानांचा आहे आणि साध्या मराठीत आहे. त्यात आवृत्तीची प्रतसंख्या, छापील किमतीवर दहा टक्के मानधन, लेखकाला मिळणाऱ्या प्रती, दरवर्षी हिशेब देण्याची तारीख आणि पुस्तक दोन वर्षे उपलब्ध नसल्यास हक्क लेखकाकडे परत जाण्याची अट आहे. नाटक, चित्रपट, ध्वनिपुस्तक व अनुवाद यांचे हक्क आम्ही घेत नाही. छोट्या संस्थेला ते वापरता येत नाहीत आणि वापरता येत नाही ते अडवून ठेवू नये. करार लेखकासमोर बसून मोठ्याने वाचून दाखवावा आणि सही घेण्याआधी एक रात्र त्याच्याकडे ठेवावा.

पाचवी पायरी: संपादन आणि बोली

सगळ्यांत जास्त वेळ याच कामाला द्या. आमच्या पहिल्या कथासंग्रहाचे मुद्रितशोधन बाहेरगावच्या एका अनुभवी व्यक्तीकडे दिले होते. त्यांचे शुद्धलेखन निर्दोष होते. पण मालवण तालुक्यातील किनारा त्यांनी पाहिलेला नव्हता. ‘रापण’ हा शब्द त्यांना टंकनाची चूक वाटला आणि अकरा ठिकाणी त्यांनी त्याचा ‘राखण’ केला. किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायचे जाळे, ती ओढणारी माणसे आणि त्या मासळीची वाटणी या सगळ्याला रापण म्हणतात. कथेत ‘रापण ओढूक सगळो वाडो खाली इलो’ असे वाक्य होते. त्याचे जे झाले, ते वाचून लेखक काही वेळ बोललेच नाहीत. सुदैवाने ते दुसरे मुद्रित, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, होते. तेव्हापासून ज्या गावाचे लेखन, त्या गावच्या किमान एका माणसासमोर संपूर्ण हस्तलिखित मोठ्याने वाचल्याशिवाय आम्ही ते टंकनाला देत नाही. पडवीत बसून संध्याकाळी वीस-पंचवीस पाने होतात. ऐकणारा मध्येच ‘असा कोण बोलणत नाय’ म्हणाला, की तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि लेखकाला विचारायचे.

बोलीतल्या लेखनासाठी प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र लेखननियमांचा तक्ता तयार करा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम प्रमाण मराठीसाठी आहेत. मालवणीत ‘खय’ लिहायचे की ‘खंय’, ‘इलय’ की ‘इलंय’, ‘नाय’ की ‘नाही’, हे त्यांतून कळत नाही. दोन्ही रूपे लोक लिहितात आणि दोन्हींना आधार आहे. लेखकाचा स्वतःचा उच्चार ऐकावा, त्याच्याशी बोलून एक रूप ठरवावे, ते तक्त्यात लिहावे आणि पुस्तकभर पाळावे. वेंगुर्ल्याची मालवणी आणि देवगडची मालवणी एकसारखी नाही. तेव्हा एका पुस्तकाचा तक्ता दुसऱ्या पुस्तकाला जसाच्या तसा लावू नका. पात्रांची बोली वेगवेगळी असेल, तर तक्त्यात पात्रांप्रमाणे रकाने पाडावेत.

बोलीतल्या शब्दापुढे कंसात प्रमाण मराठी अर्थ घालू नका, अशी माझी विनंती आहे. कंस वाचकाला दर ओळीत थांबवतो आणि कोकणातल्या वाचकाला त्याच्याच घरात परका करतो. वाक्य नीट रचलेले असेल, तर ‘मांगर’ म्हणजे शेतावरचे किंवा बागेतले साधे घर, हे पुणे-नागपूरच्या वाचकालाही दोन वाक्यांत उमगते. जे शब्द खरोखर अडतील, त्यांची छोटी सूची शेवटी द्यावी आणि ती लेखकाकडूनच लिहून घ्यावी. कोशातून उतरवलेला अर्थ पुष्कळदा शेजारच्या तालुक्याचा असतो.

संपादनाचा दुसरा भाग रचनेचा आहे. नवा लेखक कथेच्या सुरुवातीला गावाचे वर्णन दोन पाने करतो. त्याला ते कापायला सांगताना कारण समजावून द्यावे आणि कापलेला मजकूर त्याला परत द्यावा. दुरुस्त्या वेगळ्या शाईने करा, लेखकाच्या अक्षराला हात लावू नका आणि अखेरच्या मुद्रितावर त्याची सही घेतल्याशिवाय छपाईची मंजुरी देऊ नका. मुद्रिते तीन वाचावीत: पहिले हस्तलिखिताशी ताडून, दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून, दुसरे एकट्याने, आणि तिसरे पुस्तक कधीही न पाहिलेल्या तिसऱ्याच माणसाने.

सहावी पायरी: टंक आणि मांडणी

पुस्तक युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तीच राहतील अशा संकेतप्रणालीत, तयार करा. अजूनही अनेक ठिकाणी डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत (फॉन्टमध्ये) होते. ती फाइल पुढे ई-पुस्तकाला, शोधाला किंवा दुसऱ्या आवृत्तीला सहजी वापरता येत नाही आणि रूपांतर करताना जोडाक्षरे बिघडतात. आमच्या एका पुस्तकात अशा रूपांतरात ‘किनाऱ्यावर’चे सगळीकडे ‘किनार्यावर’ झाले होते आणि प्रत्येक जागा हाताने शोधावी लागली. कोकणाबद्दलच्या पुस्तकात किनारा, वारा, दऱ्या आणि पायऱ्या किती वेळा येतात, याचा अंदाज तुम्हाला असेलच. म्हणून टंक निवडताना एक चाचणीचे वाक्य छापून पाहा: ‘दऱ्याखोऱ्यांतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाऱ्याची तऱ्हा’. यातला प्रत्येक अर्धा र नीट उमटला, तर टंक ठेवा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेबरोबर पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही वळणे निश्चित केली आहेत. हिंदी वळणाचे टंक वापरल्यास ती बदलतात. ‘टिरो देवनागरी मराठी’, ‘शोभिका’ आणि ‘मुक्त’ हे विनामूल्य मिळणारे टंक पाहण्यासारखे आहेत. त्यांपैकी पहिले दोन मजकुराला शोभतात. ‘मुक्त’ मी शीर्षकांना वापरतो.

मुखपृष्ठासाठी नारळाचे झाड, होडी आणि मावळता सूर्य टाळता आला, तर टाळा. कोकणातल्या पुस्तकावर कोकणाची जाहिरात असण्याची गरज नाही. गावातल्या चित्रकाराला पूर्ण पुस्तक वाचायला द्या, त्याला ठरलेले मानधन द्या आणि श्रेयपानावर त्याचे नाव घाला.

सातवी पायरी: कागद, छपाई आणि पावसाळा

डेमी अष्टपत्री आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत, एका फॉर्मात, म्हणजे घडी घातलेल्या एका छापील तावात, सोळा पाने बसतात. पुस्तकाची पाने सोळाच्या पटीत बसवली, तर कागद वाया जात नाही; १६० पानांचे पुस्तक दहा फॉर्मांचे होते, १६३ पानांचे झाले की अकराव्या फॉर्माचा खर्च तीन पानांसाठी पडतो. शेवटच्या मुद्रितात दोन-तीन पाने कमी-जास्त करणे हे म्हणूनच संपादनाइतकेच हिशेबाचेही काम आहे. तीनशेपर्यंत प्रती काढायच्या असतील, तर डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेट. छपाईच्या दरपत्रकात कागदाचे वजन व जात, मुखपृष्ठाचा कार्ड, लॅमिनेशन, बांधणीचा प्रकार आणि पोच करण्याचा खर्च हे सगळे वेगवेगळे लिहून मागा आणि निदान तीन ठिकाणची दरपत्रके घ्या.

कोकणात छापील पुस्तकाचा खरा शत्रू दमट हवा आहे. आमचे एक पुस्तक जुलैमध्ये आले. गठ्ठे उघडले तेव्हा पाने लाटांसारखी झाली होती आणि महिन्याभरात नुसत्या डिंकाने चिकटवलेला कणा उघडू लागला. छपाई करणाऱ्याने कागद मशीनच्या सोयीप्रमाणे आडव्या ग्रेनचा, म्हणजे आडव्या तंतूंचा, घेतला होता, आणि ग्रेनबद्दल काही विचारायचे असते, हेच मला तोवर ठाऊक नव्हते. कागदाचा ग्रेन कण्याला समांतर असेल, तर ओल धरूनही पान कमी वाकते. आडवा असेल, तर कण्याजवळ सुरकुत्या पडतात. हे तपासायला सोपे आहे: नमुन्याचे पान दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहावे, ज्या रेषेवर ते सहज वळते, ती रेषा ग्रेनची दिशा. तेव्हापासून दरपत्रकात आम्ही तीन अटी लिहितो: ग्रेन कण्याला समांतर, फॉर्मांना दोऱ्याची शिलाई आणि मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन. शिलाईला प्रतीमागे काही रुपये जास्त पडतात. ग्रंथालयात दहा वर्षे हाताळले जाणारे पुस्तक हवे असेल, तर ते रुपये वाचवू नका.

छपाई मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपवावी. गठ्ठे घरी आल्यावर ते जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर, जाड प्लास्टिकने झाकून ठेवावेत आणि पावसाळ्यात कडक ऊन पडेल त्या दिवशी झाकण काढून हवा द्यावी. वाळवी लाकडाच्या चौकटीतून येते, तेव्हा फळ्यांचे पाय दर पंधरवड्याला पाहावेत. कसरीसाठी डांबर गोळ्या चालतात, पण त्या पुस्तकांना टेकू देऊ नयेत.

आठवी पायरी: किंमत ठरवणे

हिशेबाची रीत समजावी म्हणून एक उदाहरण घेऊ. यातले आकडे तुमच्या दरपत्रकाप्रमाणे बदलतील. १६० पानांच्या पुस्तकाच्या ५०० प्रतींना टंकन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी व वाहतूक धरून ५५,००० रुपये खर्च आला आणि छापील किंमत २५० रुपये ठेवली, असे समजा. लेखक, परीक्षणे, पुरस्कार व कायद्याने द्यायच्या प्रती मिळून ४० प्रती जातात आणि विक्रीला ४६० उरतात. निम्म्या प्रती दुकानदारांना ४० टक्के सवलतीने गेल्या, तर प्रतीमागे १५० रुपये येतात. निम्म्या तुम्ही स्वतः २० टक्के सवलतीने विकल्या, तर २०० रुपये. सरासरी १७५ रुपये झाली. त्यातून लेखकाचे २५ रुपये वजा केले की हाती १५० रुपये राहतात. म्हणजे ३६७ प्रती विकल्यावर खर्च भरून निघतो आणि सर्व ४६० प्रती गेल्या, तर १४,००० रुपये उरतात. त्यातूनच टपाल, प्रवास आणि भिजलेल्या प्रती भागवायच्या आहेत.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. स्वतः केलेल्या विक्रीवर संस्था तगते. आणि लेखकाचे मानधन हा खर्चाचा इतका लहान भाग आहे की ते बुडवून कोणतीही संस्था वाचत नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा विचार अवश्य करा. निवड झालेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनाला त्यातून साहाय्य मिळते. परंतु अनुदान मिळेल, असे धरून किंमत ठरवू नका.

नववी पायरी: आयएसबीएन आणि चार प्रती

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन व विनाशुल्क मिळतो; त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांकडे जाऊ नका. अर्ज छपाईच्या पुष्कळ आधी करा. तेरा अंकी क्रमांक ९७८ ने सुरू होतो आणि भारतासाठी त्यापुढे ८१ किंवा ९३ येतात. ई-पुस्तकाला व सुधारित आवृत्तीला वेगळा क्रमांक लागतो, जशाच्या तशा पुनर्मुद्रणाला लागत नाही. हा क्रमांक म्हणजे लेखकहक्काची नोंद आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे, हे लेखकांना समजावून सांगावे लागते.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. कायदा आहे म्हणून तर पाठवाच. शिवाय पन्नास वर्षांनी कोणाला कातकरी बोलीतले एखादे पुस्तक पाहायचे झाले, तर ते याच चार ठिकाणी सापडण्याची शक्यता आहे.

दहावी पायरी: विक्री

गणेशोत्सव हा आपला खरा पुस्तकमेळा आहे. मुंबईचे चाकरमानी आठ-दहा दिवस घरी येतात, वाडीवाडीत भजने होतात, घरोघर येणेजाणे असते आणि परतताना गावचे काहीतरी बरोबर न्यावे, अशी इच्छा असते. मे महिन्यात छापून कोरडी ठेवलेली पुस्तके या दिवसांत बाहेर काढावीत. रेल्वे स्थानकांजवळची दुकाने, एसटी स्थानकातील वृत्तपत्रविक्रेते, काजू-कोकम विकणारी दुकाने आणि पर्यटकांची घरगुती निवास व्यवस्था चालवणारे यांच्याकडे प्रत्येकी पाच प्रती ठेवाव्यात, वहीत सही घ्यावी आणि चतुर्थीनंतर पंधरा दिवसांत स्वतः जाऊन हिशेब करावा. फोनवर हिशेब होत नाही. जत्रांमध्ये आम्ही दोन वर्षे टेबल मांडले. तेथे कादंबरी क्वचितच खपते, पण चाळीस-पन्नास रुपयांची गाऱ्हाण्यांची किंवा म्हणींची पुस्तिका लोक उभ्याउभ्या वाचून विकत घेतात.

सार्वजनिक ग्रंथालये हा दुसरा आधार. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. आणि यांखेरीज तालुक्यातालुक्यांत अ, ब, क, ड वर्गांची मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. अनुदानाचा हप्ता हाती येतो तेव्हा ती खरेदी करतात आणि वर्षाअखेर मार्चमध्ये घाई होते, म्हणून सूचिपत्र जानेवारीतच पोचवावे. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी प्रती वेळेवर सादर कराव्यात आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात जागा मागावी. ग्रंथपालांना पुस्तक वाचायला द्या. ग्रंथपालाने वाचलेले पुस्तक कपाटातून वाचकांच्या हाती जाते.

टपालाने पाठवण्यासाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे होते. तुमचे पुस्तक तिच्या अटींत बसते का, हे आपल्या टपाल कार्यालयात प्रत दाखवूनच विचारा. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्यात गुंडाळावे. कोकणातून जाणाऱ्या आणि येणाऱ्या पार्सलांना पाऊस कुठेतरी गाठतोच.

प्रकाशन समारंभ लेखकाच्या गावी करावा. आमच्या एका पुस्तकाचे प्रकाशन वाडीतल्या शाळेत झाले, भाषणे दोनच झाली आणि उरलेला वेळ लेखिकेने वाचून दाखवले. नव्वद प्रती त्याच संध्याकाळी गेल्या. त्या वाडीत ऐंशी घरे आहेत.

अकरावी पायरी: वर्षाचा हिशेब आणि जपणूक

३१ मार्चला शिल्लक प्रती प्रत्यक्ष मोजाव्यात आणि एप्रिल संपण्याआधी प्रत्येक लेखकाला कागदावर हिशेब पाठवावा: वर्षारंभी किती प्रती होत्या, किती विकल्या, किती भेट गेल्या, किती खराब झाल्या, किती उरल्या आणि मानधन किती झाले. सातच प्रती विकल्या गेल्या असतील, तरी पत्र जावे आणि सोबत त्या सात प्रतींचे पैसेही जावेत. आमच्या एका लेखकाला आधीच्या प्रकाशकाकडून अकरा वर्षांत एकही हिशेब मिळाला नव्हता. आमचे पहिले पत्र १,३२५ रुपयांचे होते आणि त्यांनी पुढचे हस्तलिखित स्वतः आणून दिले.

छपाई झाल्यावर अंतिम फाइल मांडणीच्या सॉफ्टवेअरमधील, पीडीएफ आणि साध्या युनिकोड मजकुराची अशा तिन्ही रूपांत छपाईवाल्याकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. दोन वर्षांनी ती सापडत नाही. हस्तलिखिताची सर्व पाने स्कॅन करून मूळ वही लेखकाला परत द्यावी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा घराघरांतले कागद एका रात्रीत गेले. म्हणून फाइलींची एक प्रत कार्यालयात ठेवा, एक लेखकाच्या घरी द्या आणि एक हार्ड डिस्क घाटावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवून दर दिवाळीला ती चालते की नाही ते तपासा.